विषय : '५ नंबर' छापलेल्या काडतुसांत निघालेले बारीक छर्रे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या कंपनीची बारा बोअरची काडतुसे मी या हंगामात फेझंटच्या शिकारीसाठी घेतली. पेटीवर छापले आहे : ७० मिमी, ३६ ग्रॅम, ५ नंबर. लांबी बरोबर आहे, वजनही बरोबर आहे. छर्रा मात्र आपण स्वतः ज्याला ५ नंबर म्हणता तो नाही.

हंगाम सरत आला की उरलेले पक्षी सावध होतात. कुत्री जवळ पोचण्याआधीच उठतात, ३५-४० यार्डांवर आणि पाठमोरे. अशा पक्ष्याला मारायचे तर छर्रा मागून शिरून पिसे, मांस, आतडी भेदत काळीज-फुप्फुसापर्यंत गेला पाहिजे. म्हणून मी मुद्दाम ५ नंबर मागितला. नंबर वाढतो तसा छर्रा बारीक होतो. बारीक असला तरी ६ नंबर वाईट नव्हे. कुत्रीने समोर उभे राहून जागीच थोपवलेला पक्षी २५ यार्डांच्या आत उठतो तेव्हा मी तोच वापरतो. पण त्या दिवशी मला तो नको होता.

त्या दिवशी तीन नर खाली आले आणि जागीच मेला तो एकच. दुसरा पाय लोंबकळत ठेवून उंच गवतात उतरला. कुत्रीने दीड तास माग काढला तेव्हा सापडला, जिवंत. तिसरा सापडलाच नाही. अंधार पडेपर्यंत शोधले. सापडलेला नर सोलताना पाहिले तर मागच्या बाजूला कातडीखाली सात छर्रे अडकलेले, प्रत्येकाभोवती पिसांचा बोळा. छातीच्या पोकळीत एकही पोचला नव्हता. नेम चुकला असता तर दोष माझा होता. इथे नेम लागला होता.

घरी आल्यावर त्याच पेटीतली तीन काडतुसे उघडली. छर्रे निघाले २७८, २८१ आणि २७६. कॅलिपरने मोजले तर जाडी २.८ मिमीच्या आसपास. आपल्याच तक्त्यात ५ नंबरची जाडी ३.०५ मिमी आहे, म्हणजे ३६ ग्रॅममध्ये साधारण २१५ छर्रे बसायला हवेत. पाव मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण वजनात एकेक छर्रा सुमारे पाव हिश्शाने हलका होतो. हलका छर्रा वेगही लवकर गमावतो. जवळच्या पक्ष्याला हा फरक जाणवत नाही, ४० यार्डांवर तोच जिवावर बेततो, आणि तोही अर्धवट.

घोळ कुठे झाला असावा, तेही सांगतो. इंग्रजी पद्धतीचा ५ नंबर सुमारे २.८ मिमीचा असतो आणि तोच अमेरिकी पद्धतीत ६ नंबर ठरतो. आपला तक्ता अमेरिकी आहे, काडतुसातला माल इंग्रजी मापाचा दिसतो, आणि पेटीवर कोणती पद्धत याचा उल्लेखच नाही. ज्यांना शिशाऐवजी पोलादी छर्रे वापरावे लागतात त्यांची अडचण तर आणखी मोठी. पोलाद हलके, म्हणून नेहमीपेक्षा दोन मापे जाड छर्रा घ्यावा असे आपणच सुचवता. मोजणी कोणत्या ५ पासून सुरू करायची?

आपल्या मदत क्रमांकावर फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "फुल चोक लावून बघा." हे उत्तर मला फार लागले. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला आवळ; फुल सर्वांत घट्ट, मॉडिफाइड मध्यम. माझ्या बंदुकीला मॉडिफाइड चोक आहे. ४० यार्डांवर कागद लावून तीन बार काढले. ३० इंची वर्तुळात दर वेळी १६०च्या वर छर्रे होते, म्हणजे साधारण ६० टक्के, मॉडिफाइडकडून अपेक्षित असतात तितकेच. दाटी भरपूर होती. चोक आवळला की छर्रे एकत्र राहतात, एकेका छर्ऱ्याचे वजन त्याने वाढत नाही. सावज जायबंदी होऊन निसटले अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला असा सल्ला देणाऱ्याला आधी हे शिकवायला हवे.

पैसे परत मिळावेत ही मागणी आहेच, पण ती शेवटची. आधी या बॅचची विक्री थांबवून उरलेल्या पेट्या तपासा. ज्यांनी त्या घेतल्या त्यांना कळवा, कारण हंगाम अजून संपलेला नाही. आणि यापुढे प्रत्येक पेटीवर नंबरशेजारी छर्ऱ्याची जाडी मिलिमीटरमध्ये छापा. दुकानात उभे राहून काडतूस फोडून पाहता येत नाही. तिथे आमच्या हाती फक्त आपला छापील शब्द असतो.

उघडलेल्या काडतुसांतले छर्रे तीन वेगळ्या पुड्यांत, पेटीचे बॅच क्रमांक असलेले झाकण आणि चाचणीचे तिन्ही कागद सोबत पाठवत आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपला,
एक ग्राहक