शेपटीकडचा प्रश्न

पुणे

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रांना उत्तर गेले नाही, याबद्दल रागावण्याचा तुला अधिकार आहे. तो पुढच्या भेटीसाठी राखून ठेव. माझी साखर आटोक्यात आहे, आई बरी आहे. आज लिहिण्याचे कारण वर्गात घडले, आणि ते इथे कुणाला सांगितले तर ‘बरं, मग?’ एवढेच ऐकू येईल.

पेशीत नवे प्रथिन आपल्या जागी कसे पोहोचते, याची ब्लोबेलची नेहमीची आकृती फळ्यावर काढली होती. प्रथिने बांधणाऱ्या रायबोसोममधून प्रथिनाचे पहिले टोक बाहेर येते, त्यातला जलविरोधी (पाणी टाळणारा) सिग्नल, म्हणजे पत्त्याची खूण, एसआरपी हे वाटाडे संकुल पकडते, बांधणी मंदावते आणि सगळा लवाजमा आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या नळ्या-पिशव्यांच्या जाळ्याच्या, पटलावरील सेक६१ या मार्गिकेपाशी पोहोचतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, की पटलात रुतणारा भाग प्रथिनाच्या अगदी शेवटी असेल, तर तो रायबोसोमबाहेर येईपर्यंत बांधणी संपलेली असणार. मग एसआरपी कुणाला थोपवणार?

मला तूच आठवलास. यीस्ट बाहेर पाठवते त्या इन्व्हर्टेज या प्रथिनाचा सिग्नल काढून त्या जागी वाटेल ते तुकडे जोडले तरी त्यांतल्या सुमारे एकपंचमांशांनी काम भागवले, हा १९८७ सालचा प्रयोग माझ्यापुढे नाचवत तू मेसमधली आमटी गार केली होतीस. ‘ओळखबिळख काही नाही, नुसता तेलकटपणा!’ हा तुझा निकाल मी तेव्हा मानला नाही आणि आजही मानत नाही. एसआरपीतला सिग्नल पकडणारा भाग म्हणजे एसआरपी५४; त्याची मेथिओनीन या अमिनो आम्लाने भरलेली लवचीक खाच नाना आकार सामावून घेते, म्हणून काही ती आंधळी ठरत नाही.

मुलीला मी टीआरसी४० या वाहक प्रथिनाबद्दल सांगितले. २००७ मध्ये त्याचे हे काम उजेडात आले. यीस्टमध्ये तेच काम गेट३ करते. पुऱ्या झालेल्या प्रथिनाची शेपूट, म्हणजे तो रुतणारा शेवटचा भाग, झाकून ते जालिकेवरील गेट१ आणि गेट२ या ग्राहींच्या हवाली करते. तिचे समाधान झाले नाही. काही शेपट्या तंतुकणिकेच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाच्या) बाह्य पटलात जातात, ते कोण ठरवते, असे तिने विचारले. जास्त जलविरोधी शेपूट जालिकेकडे झुकते, कमी जलविरोधी तंतुकणिकेकडे. पण हा केवळ कल आहे, आणि गेट३ काढून टाकले की जालिकेची प्रथिने तंतुकणिकेत शिरतात. २०१४ मध्ये कळले, की तिथे रुतलेल्या अशा आगंतुकांना एमएसपी१ हे प्रथिन उपटून काढते. पास नसलेल्याला भरल्या ताटावरून उठवणारे आपले मेसमामाच ते! २०२० मध्ये जालिकेवरही असाच बंदोबस्त आढळला, तोही उलट दिशेने भरकटलेल्यांसाठी.

माझी अडचण इथेच आहे. निवड दारात एकदाच होत नाही, आत शिरल्यावरही चालू राहते, असे मला वाटू लागले आहे. पण अभ्यासक्रमात या सगळ्याला एक तास आहे आणि परीक्षेत ‘आकृतीसह स्पष्ट करा’ एवढाच प्रश्न येतो. एमएसपी१ फळ्यावर आणले तर उरलेल्या वर्गाची आकृती विस्कटते, नाही आणले तर ती मुलगी पुन्हा हात वर करायची नाही. मेल्या, तू असतास तर एसआरपी पुसून थेट उपटण्यापासूनच सुरुवात केली असतीस, आणि मला ते पटत नसूनही दुसरे काही सुचत नाही.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींचा गुडघा कसा आहे? चिरंजीवांना आशीर्वाद.

पुढचा तास सोमवारी आहे. आकृती कुठून सुरू करू, ते त्याआधी कळव. तेलकटपणाबद्दलचे व्याख्यान मात्र वगळ.

तुझा,
मोहन