रॉदरहाइथचा राजवाडा

संपादक महोदय,
लंडनला लेकीकडे आलेले आपले लोक टॉवर ब्रिजवर फोटो काढून तिथूनच माघारी फिरतात. थेम्सच्या दक्षिण काठाने पूर्वेकडे वीस-पंचवीस मिनिटं चाललं, तर रॉदरहाइथला इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या वाड्याचे अवशेष दिसतात. आम्हीही आधी बाग समजून पुढे निघालो होतो! गवतात बुटक्या दगडी भिंती, मध्ये थोडा खोलगट भाग, बस्स.

वाडा १३५० च्या सुमाराचा. तीन बाजूंना खंदक. चौथी, उत्तरेची बाजू नदीकडे उघडी, म्हणजे राजाची नाव थेट दारात. दलदलीतल्या पाखरांवर ससाणे सोडायला तो इथे येत असावा, असं अभ्यासक मानतात. पुढे सतराव्या शतकात इथे कुंभारकाम चाललं, नंतर गोदामं उभी राहिली. ती पाडल्यावर १९८० च्या दशकातल्या उत्खननात जुना पाया पुन्हा उजेडात आला. आता थेम्स जरा लांब सरकलीय, मध्ये रस्ता आहे.

तिकीट नाही, रांग नाही. आपल्या पर्यटन पुरवणीत लंडनवर लिहिताना मेणाच्या पुतळ्यांना थोडी कात्री लावून या भिंतींना चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे