जोडवी काढावी लागली

सातारा, रविवार

प्रिय सुमे,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा ‘नंतर करते’ म्हणाले आणि केलाच नाही. रागावली असशील. रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. ह्यांची शुगर ठीक, माझं बीपी गोळीवर. घरचं एवढंच.

परवा रात्री मी जोडवी काढली. उजवा अंगठा आता पार दुसऱ्या बोटाखाली शिरलाय, बोट वर चढलंय, आणि जोडव्याचा काठ रुतून जखम झाली. मोरीत बसून साबण लावला तेव्हा कुठं निघालं. मग डाव्या पायातलंही काढलं, एकच कसं ठेवायचं! सासूबाई बघून गेल्या, बोलल्या काही नाहीत. आणि मला तू आठवलीस. त्या दिवशी तुझी मी काढली होती, दुसऱ्या कुणा बाईचा हात लागायच्या आत. माझं नुसतं हाड सरकलंय गं, बाकी सगळं जागच्या जागी आहे. तरी त्या पांढऱ्या वळाकडे बघत बसले आणि रडू आवरेना. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

आईची पावलं आठवतात ना? कॅन्व्हासच्या बुटाला तिनं ब्लेडनं भोक पाडलं होतं, गाठ बाहेर यायला. हॉस्टेलमध्ये तू म्हणालीस, ‘पाच नंबरचे बूट घालशील तर तुझंही आईसारखंच होणार.’ आठ दिवस बोलले नव्हते मी तुझ्याशी. सहा नंबर संपले होते आणि शेवटचा जोड तू उचललास, हा राग होता खरा. तू अर्धी बरोबर होतीस, सुमे. पायाची ठेवण आईकडून आली, घट्ट बुटांनी ती वाढवली. पण अर्धीच हं!

अंगठा असा कलून गाठ बाहेर येते त्याला डॉक्टर हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात, एरवी बनियन. ह्यांना सांगितलं, ‘मला बनियन झालाय,’ तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘कुठल्या साइजचा?’ डोळ्यांत पाणी येईतो हसलो दोघं.

पहिल्या सर्जननं झोपवून काढलेला एक्स-रे पाहिला आणि दोन मिनिटांत दोन्ही पायांचं ऑपरेशन सांगितलं. डावा तर दुखतही नाही. इतकी वर्षं आपण पेशंटपुढं संमतीपत्र धरून ‘घाबरू नका, इथं सही करा’ म्हणत आलो. आता पेन माझ्या हातात होतं आणि सही होईना. अशा किती बायका माझ्यासमोर थबकल्या असतील आणि मी घड्याळाकडे बघितलं असेल, तेच मनात येत राहिलं.

मग दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी मला चालायला लावलं, मग उभं करून एक्स-रे काढला, कारण पायावर वजन आल्याशिवाय खरा कोन दिसत नाही. अंगठा ३४ अंश कललाय. १५ पर्यंत ठीक धरतात, ४०च्या वर गेलं की गंभीर. हाड वाढलंय असं आपण म्हणतो, पण तसं नसतं गं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पावलाच्या बाजूला सरकतं आणि त्याचं डोकं गाठीसारखं पुढं येतं. म्हणून गाठ तासून भागत नाही, हाड कापून जागेवर आणायचं आणि स्क्रू बसवायचे. पुढं सहा आठवडे जाड, ताठ तळव्याचा बूट, सूज उतरायला सहा महिने किंवा जास्तही. सांधा आखडू शकतो, अंगठा पुन्हा कलू शकतो. बाईंनी एवढं सगळं सांगितलं आणि विचारलं, ‘दुखतंय म्हणून आलात की दिसतंय म्हणून?’

उत्तर देता आलं नाही. कोल्हापुरीच्या अंगठ्यात माझा अंगठा जात नाही याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण नुसत्या दिसण्यासाठी हाड कापायचं नाही, असं बाई स्पष्ट म्हणाल्या. दुखण्याचं म्हणशील तर ड्यूटीच्या शेवटच्या दोन तासांत जीव नको होतो. सुटीच्या दिवशी सैल चप्पल घालून मंडईत फिरून येते तेव्हा काहीच नाही. म्हणजे दुखणं पायाचं किती आणि बुटाचं किती?

तेच आता बघायचं ठरवलंय. पुढं रुंद असलेले बूट घेतलेत, तेही संध्याकाळी पाय सुजल्यावर मापून. बोटांमध्ये सिलिकॉनची गादी, घरी आल्यावर बर्फ. रात्री बांधायचा पट्टा मी आधीच आणला होता. बाई म्हणाल्या, बरं वाटत असेल तर बांधा, पण वाकलेला अंगठा त्यानं सरळ होत नाही. इतके पैसे घातले होते, फार लागलं ते. तीन महिने रोज वहीत लिहितेय, किती वाजता दुखलं, पायात काय होतं. सैल चपलेतही दुखायला लागलं, किंवा दुसऱ्या बोटाखाली तळवा दुखू लागला, तर उजव्याचं करून घेईन. फक्त उजव्याचं. अडीच वर्षं नोकरी राहिलीय, लंगडत काढायची नाही.

तुझा जिना बांधून झाला का? लेकाच्या व्हिसाचं काय? भाचीच्या लग्नाला आले नाही त्याबद्दल समोर आल्यावर शिव्या दे, पत्रात नको.

आणि ऑपरेशन ठरलंच तर पहिली रात्र तू माझ्याजवळ राहशील का? हे थांबतील गं, पण मला भूल उतरताना तू हवीस. मोठ्यांदा काहीबाही बोलेन, ते तुझ्या कानावर गेलेलं चालेल.

जोडवी तुझ्या त्या चांदीच्या डबीत ठेवलीत, तू मिरजेहून आणलेल्या.

तुझी,
वासू