सुई एक पडदा पुढे गेली

प्रिय मॅडम,

माझ्या डिस्चार्ज कार्डावर बाळाचं वजन आहे, तपासणीला कधी यायचं ते आहे, सिझर करणाऱ्या डॉक्टरांचं नाव ठळक अक्षरांत आहे. तुम्हाला शोधायला मात्र सगळी फाइल दोनदा चाळावी लागली. बिलात ‘भूलतज्ज्ञ शुल्क’ अशी एक ओळ सापडली आणि संमतिपत्राच्या तळाशी एक सही, तीही न लागणारी. तुमचं नाव मला पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढी ओळख तेवढ्या पाच दिवसांत झाली.

पहाटे तीनला तुम्ही आलात तेव्हा मी खाटेची दांडी धरून ओरडत होते. दोन कळांच्या मधल्या वेळात तुम्ही बोलत होतात आणि कळ आली की गप्प बसत होतात. पाठीत सुई घालून मणक्याजवळ बारीक नळी सोडणार, बीपी उतरू शकतं, अंगाला खाज सुटेल, थंडी वाजेल, लघवी कळणार नाही म्हणून नळी घालावी लागेल, आणि शंभरात साधारण एकीला जोरदार डोकेदुखी होते. मी म्हणाले, मॅडम, काय वाट्टेल ते होऊ दे, पण आधी हे थांबवा. तुम्ही हसलात आणि सगळं पुन्हा एकदा सांगितलंत. तेव्हा राग आला होता.

मग मी पाठ वाकवून बसले आणि मध्येच तुमचे हात थांबले. क्षणभर कोणीच काही बोललं नाही. नंतर तुम्ही म्हणालात, “सुई एक पडदा पुढे गेली. मणक्यातलं पाणी बाहेर आलं. आता मी वरच्या मणक्यातून नळी घालते, कळा थांबतील. पण उद्या-परवा तुमचं डोकं दुखण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. दुखलं तर ते यामुळे.”

खरं तर हे पत्र त्या पाच वाक्यांसाठी आहे. माझी तुमच्याकडे पाठ होती, मला काही दिसत नव्हतं. तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं.

दुसऱ्या वेळी नळी बसली आणि वीसेक मिनिटांत कळा कुठल्या कुठे गेल्या. पाय जड आणि कोमट झाले. तेवढ्यात मळमळायला लागलं, कानात भुंगा घुमावा तसं झालं, समोरचं घड्याळ लांब गेलं. बीपी उतरलं होतं. तुम्ही मला डाव्या कुशीवर वळवलंत, सलाईन जोरात सोडलंत, शिरेतून कसलंसं औषध दिलंत आणि मिनिटाभरात घड्याळ जागेवर आलं. मळमळ पोटामुळे नव्हतीच, हे तुम्ही नंतर सांगितलंत. दुखणं वाहून नेणाऱ्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या बारीक नसाही औषधाने झोपतात. वाहिन्या सैलावल्या की रक्त पायांत साचतं. त्यात उताणं झोपलं की भरलेली गर्भपिशवी पोटातल्या मोठ्या शिरेवर बसते आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. म्हणून ती डावी कूस.

सकाळी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि सिझर ठरलं. त्याच नळीतून औषध वाढवलंत. कापसाचा गार बोळा पोटावर फिरवून विचारत होतात, “गार लागतंय? आता?” ओढल्यासारखं वाटेल, कोणीतरी पोटात कपडे धुतंय असं वाटेल, पण दुखणार नाही, असं म्हणालात. अगदी तसंच वाटलं. मुलगी रडली आणि माझे दात वाजायला लागले. साधी थंडी नव्हे, सगळी खाट हलत होती. लेकीला गालाशी आणलं तर माझ्या थरथरीने तिचीही मान हलत होती. तुम्ही गरम ब्लँकेट ओढून म्हणालात की आतली ऊब सैल झालेल्या वाहिन्यांतून पायांकडे गेलीय, शरीर ती परत मिळवतंय, थोड्या वेळात थांबेल. थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाजायला म्हणून उठून बसले आणि कपाळापासून मानेपर्यंत कुणी तरी दोर आवळल्यासारखं झालं. आडवी झाले की पाच मिनिटांत गायब, बसले की परत. आवाज बादलीतून आल्यासारखे यायचे. सासूबाईंनी निदान लगेच केलं. बाळंतिणीला वारं लागलं. कानात कापसाचे बोळे, डोक्याला रुमाल, खिडकी बंद. वॉर्डातल्या मावशींनी मान डोलावली. नात्यातले एक काका फोनवर म्हणाले, मणक्यात सुई घेतली, आता कंबर जन्माची गेली.

तुम्ही कोणी बोलवायच्या आधीच आलात. सासूबाईंना म्हणालात, “कापूस राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. पण हे वाऱ्याचं नाही, माझ्या सुईचं आहे.” ‘माझ्या’ हा शब्द तुम्ही सहज वापरलात. सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. कंबरेचंही सांगितलंत, की सुईची जागा काही दिवस हुळहुळी राहते, पण बाळंतपणानंतरची लांबलेली कंबरदुखी ही नळी न घेतलेल्या बायकांनाही तेवढीच होते. काकांना मी ते अजून पटवू शकलेले नाही.

मग खाटेच्या कडेला बसून तुम्ही मेंदूचं सांगितलंत. हवेत तोलला तर मेंदू 1400 ग्रॅमच्या आसपास भरतो, पण पाण्यात तरंगत असल्यामुळे त्याचा भार जेमतेम 50 ग्रॅमइतका जाणवतो. मेंदूभोवतीचं आणि मणक्यातलं पाणी एकच, सगळं मिळून 150 मिली. सुईच्या भोकातून ते झिरपत राहिलं की उभं राहिल्यावर मेंदू खाली ओढला जातो, आवरणं ताणतात, आतल्या रक्तवाहिन्या फुगतात, आणि म्हणून आडवं झालं की बरं वाटतं. रोज जवळजवळ अर्धा लिटर पाणी नव्याने तयार होतं, तेव्हा प्रश्न पाण्याचा नाही, भोकाचा आहे.

त्या जर्मन सर्जनची गोष्टही तेव्हाचीच. ऑगस्ट बीअर, कील शहर, 1898. मणक्यातली भूल स्वतःवर करून बघायला निघाला, सिरिंज सुईला नीट बसेना, पाणी वाहून गेलं. मग सहायकाला टोचलं, आणि भूल लागली का हे बघायला त्याच्या नडगीवर हातोडी मारली. संध्याकाळी दोघांनी वाइन आणि सिगार घेऊन आनंद साजरा केला. पुढे नऊ दिवस बीअर उठून बसला की त्याचं डोकं दुखायचं. मी पडल्या पडल्या हसले आणि टाके दुखले. त्याचे आभार मानणार नाही.

एक दिवस गोळ्या, पाणी, कॉफी. सासूबाईंना बाळंतिणीला कॉफी अजिबात मंजूर नव्हती. उतार पडेना तेव्हा तुम्ही रक्ताच्या ठिगळाचं सुचवलंत. माझ्याच दंडातलं रक्त काढून पाठीत त्या पडद्याबाहेर सोडायचं, ते गोठतं आणि भोक झाकतं. ही कल्पना 1960 पासूनची. पुन्हा पाठीत सुई म्हटल्यावर मी रडले. तुम्ही घाई केली नाहीत. बहुतेकींना गुण येतो, काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, आणि ही सुईसुद्धा पुढे जाऊ शकते, असं स्पष्ट सांगितलंत आणि संध्याकाळपर्यंत विचार करा म्हणालात. संध्याकाळी मी हो म्हटलं.

तुमच्या सहकाऱ्याने दंडातून रक्त काढलं, तुम्ही सावकाश सोडलंत. वीसेक मिली असेल. पाठीत दाब वाटायला लागल्यावर मी सांगितलं, तुम्ही थांबलात. दोन तास उताणी. मग तुम्ही स्वतः हात धरून मला बसवलंत. मी दुखण्याची वाट बघत बसले. आलं नाही. कानातले बोळे काढले आणि बाहेर लिफ्टचं दार बंद होताना ऐकू आलं. “बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, वाकायचं नाही,” म्हणालात आणि पुढच्या ऑपरेशनला गेलात.

शेजारच्या सुनेला आता सातवा लागलाय. परवा तिने मला विचारलं, ती पाठीतली नळी घेऊ का? मी तिला सगळं सांगितलं, डोकेदुखीसकट. मी परत घेईन, हेही. तिने अजून ठरवलेलं नाही.

निघताना तुम्ही एक हाताने लिहिलेला कागद दिला होतात. कुठल्या मणक्यात किती खोलवर काय झालं, दुसरी नळी कुठे बसली, ठिगळ कधी लावलं. “पुढे कधी ऑपरेशन झालं तर जे कोणी भूल देतील त्यांना दाखवा.” त्यावर तुमची सही आहे, आणि ती मात्र स्पष्ट लागते. लेकीच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय.

तुमची,
तीन नंबरच्या खाटेवरची