स्क्रीन काळी म्हणजे मदरबोर्ड गेला असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचे निकाल लागून इंजिनिअरिंगच्या ॲडमिशन सुरू झाल्या की आमच्या डोंबिवलीत पोरांना पीसी स्वतः जुळवायचे वेध लागतात, लॅमिंग्टन रोडवरून सुटे पार्ट आणायचे, यूट्यूब बघून घरीच जोडायचे, छान आहे, माझा त्याला पूर्ण पाठिंबा. पण सगळं जोडून बटण दाबलं की पंखे गरगर फिरतात, लायटी लागतात आणि मॉनिटरवर मात्र "नो सिग्नल". दुकानात फोन करा, उत्तर ठरलेलं, "बोर्ड गेला असेल, घेऊन या." बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, सगळे पार्ट ज्यावर बसतात तो. मग बाप बिचारा ते धूड रिक्षात घालून, लोकलमध्ये सांभाळत परत नेणार.

मी हौसेने आजूबाजूच्यांचे पीसी जुळवून देतो, त्यावरून सांगतो, नव्या मशीनमध्ये खरंच काही जळलेलं क्वचितच निघतं. बऱ्याचदा कारण असं असतं जे विकतानाच दुकानदाराला माहीत असतं, फक्त तो सांगत नाही. मला राग आहे तो त्याचा.

आता बघा, इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, नसतंच. एएमडीचा रायझन ५ ५६०० घेतला तरी तेच. थोडा स्वस्त म्हणून गिऱ्हाईक खुश, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर जन्मात डिस्प्ले येणार नाही, आणि कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची, बोर्डाच्या एचडीएमआयला नाही. बोर्डाला ते पोर्ट असतंच म्हणून लोक फसतात!

दुसरं बायोस, म्हणजे मशीन चालू करणारं बोर्डातलंच सॉफ्टवेअर. एएमडीच्या प्रोसेसरसाठीचे बी६५० चे बोर्ड २०२२ च्या ऑक्टोबरात आले आणि त्यात बसणारे रायझन ९००० प्रोसेसर आले ऑगस्ट २०२४ मध्ये. खोक्यात पडून राहिलेला जुन्या स्टॉकचा बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही, सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, तेच, बसतो नीट, पण चालू होत नाही. बऱ्याच बोर्डांना मागे फ्लॅशबॅकचं बटण असतं, पेन ड्राइव्हवर फाइल टाकून फक्त पॉवर सप्लाय जोडून बायोस अपडेट होतं, प्रोसेसर नसला तरी चालतं. हे काउंटरवरच करून द्यायला काय हरकत आहे?

आणि डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमची गंमत वेगळीच. या नव्या एएमडी बोर्डांवर पहिल्यांदा चालू केलं की मशीन आधी रॅम तपासून जुळवून घेतं, त्यात कधीकधी काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. पोरं घाबरून बटण दाबून बंद करतात, मग ते सगळं पुन्हा पहिल्यापासून. नुसतं चहा पिऊन यायचं होतं.

बाकीच्या गोष्टी घरच्या घरी बघता येतात. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज वगैरे असलेली डिस्क) असे चार बारीक दिवे असतात, अडकून पेटलेला राहील तो बघायचा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. रॅम दोन आणि खाचा चार असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, आणि टक् आवाज येईपर्यंत दाबायची, बरेच जण तुटेल म्हणून हळू दाबतात. प्रोसेसरची वेगळी आठ पिनची केबल वरच्या कोपऱ्यात लागते, ती विसरली तरी पंखे फिरतातच म्हणून संशय येत नाही. फक्त तिथे ग्राफिक्स कार्डाची आठ पिनची केबल ठोकून बसवू नका, दिसायला सारखी असली तरी आतली जोडणी उलटी असते. तसंच एका कंपनीच्या पॉवर सप्लायच्या सुट्या केबली दुसऱ्याला कधीच लावायच्या नाहीत, तिथे मात्र खरंच जळतं.

माझं म्हणणं एवढंच की दुकानदारांनी बिलावर दोन ओळी जास्त लिहाव्यात, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे की नाही आणि बोर्डाचं बायोस या प्रोसेसरला चालतं की नाही. ६०-७० हजारांचं बिल करताना दोन ओळींचा कंटाळा कसला? आणि ग्राहकांनीही हे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, लेखी असलं की पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, तक्रार करायला हातात काहीतरी असतं. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचं कौतुक असतं, त्यातली अर्धी जागा ॲडमिशनच्या दिवसांत या विषयाला दिलीत तर बऱ्याच घरांची वणवण वाचेल.

– आपला एक वाचक, डोंबिवली (पूर्व)