तेलाची टाकी सगळे बघतात, कंडेन्सर कुणी मोजत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेती पुरवणीत गवती चहाचं तेल काढून घरच्या घरी जोडधंदा करा असं अधूनमधून छापून येतं. फोटोत नेहमी ती चकचकीत स्टीलची टाकी असते, आणि लागवड किती, कापणी कधी, भाव काय हे सगळं असतं, पण गवतातून तेल घेऊन आलेली वाफ थंड करून तिचं परत पाणी करणारा कंडेन्सर किती मोठा लागतो याबद्दल एक ओळ नसते. आमच्या बचत गटाचं पहिलं वर्ष त्याच एका ओळीपायी फुकट गेलं म्हणून हे पत्र लिहितेय.

आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या. एका फॅब्रिकेटरकडून 40 किलो गवत मावेल अशी टाकी करून घेतली. कंडेन्सर म्हणून त्याने 200 लिटरच्या ड्रममध्ये अर्धा इंची पाईपचे तीन वेढे बसवून दिले. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात तेल-पाण्याची धार सुरू झाली, आम्ही खूश. तासाभराने ड्रमच्या पाण्यात हात घातला तर चटका बसेल इतकं गरम, आणि नळीच्या तोंडातून धारेबरोबर पांढरी वाफ फुसफुसतेय. खालच्या वाडीतून जाऊबाई वर आल्या, म्हणाल्या काय मस्त वास सुटलाय गं, पार पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) येतोय. तेव्हा आम्हाला कौतुक वाटलं! वास पऱ्यापर्यंत जातोय म्हणजे तेलच तिकडे चाललंय हे नंतर कळलं. त्या दिवशी 40 किलोला जेमतेम 90 मिली तेल मिळालं.

फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणे जाळ कमी करा. जाळ कमी केला की वाफ गवतातून नीट वर येत नाही, तीन तासांचं काम सहा तासांवर जातं आणि फाटी तेवढीच जळतात. मग मी बसून हिशोब केला, बारावी सायन्सचं जेवढं आठवत होतं त्यावर.

आधी बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन धार मोजली, मिनिटाला 100 मिली, म्हणजे तासाला 6 लिटर. एक लिटर पाण्याची वाफ परत पाणी होताना 540 किलोकॅलरी उष्णता सोडते, आणि ते 100 अंशांचं पाणी 40 अंशांवर आणायला अजून 60, म्हणजे लिटरमागे 600. सहा लिटरचे 3600. ही सगळी उष्णता ड्रमच्या पाण्यातच जाणार ना. 200 लिटर पाणी असेल तर तासाला 18 अंशांनी तापणार, 28 चं 46, पुढच्या तासाला 64. चटका बसेल नाहीतर काय होईल. म्हणजे पाणी वाहतं पाहिजे. येताना 28 आणि जाताना 48 धरलं तर दर लिटरने 20 किलोकॅलरी नेल्या, म्हणजे तासाला 180 लिटर पाणी. सोपं लक्षात ठेवायचं तर धारेतून एक लिटर निघायला थंड पाणी तीस लिटर. आणि हे पाणी ड्रमच्या तळातून आत सोडायचं, वरून बाहेर काढायचं. आमच्याकडे बरोबर उलटं होतं.

आता पाईप. पाण्यात बुडवलेल्या साध्या कॉइलला (वेढे दिलेल्या पाईपला) बाहेरच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे, एक अंशाच्या फरकाला, तासाला 250 किलोकॅलरी धरायच्या, त्याहून जास्त धरू नका, कारण पाण्याचा क्षार बसतोच. वाफ आणि पाणी यातला सरासरी फरक हात राखून 50 अंश धरला. 250 गुणिले 50 म्हणजे 12,500, आणि 3600 भागिले 12,500 म्हणजे साधारण 0.29 चौरस मीटर. बाहेरचा व्यास अर्धा इंच असलेल्या पाईपचा एक मीटर म्हणजे फक्त 0.04 चौ.मी. पृष्ठभाग, आमचे तीन वेढे पावणेतीन मीटरचे, म्हणजे 0.11. लागतं त्याच्या निम्म्यालाही कमी! पाऊण इंची घेतला तर मीटरला 0.06 मिळतात, पाच मीटर पुरतात, आम्ही सात घातले. शिवाय एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे-सतराशे लिटर जागा घेते, ती बारीक नळीतून कोंबायची म्हणजे टाकीत दाब चढणार. आमच्या झाकणाचं गॅस्केट (फट बंद करणारी रिंग) शिट्टी मारायला लागलं होतं, तेव्हा पोटात गोळा आला होता. गवताचा तुकडा नळीत अडकला तर झाकण उडून कुणाच्या तोंडावर येईल. म्हणून टाकीच्या तोंडाला आतून जाळी, झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि कॉइलला वरपासून खालपर्यंत सलग उतार, कुठे पोट पडून पाणी साचता कामा नये, आणि नळीचं खालचं तोंड कधीच बंद करायचं नाही.

तांब्याचाच पाईप पाहिजे असं बरेच जण सांगतात. तांबं उष्णता स्टीलपेक्षा कितीतरी पट वाहून नेतं हे खरं, पण पाईपची भिंत असते एक मिलीमीटर, तिथे अडतच नाही, अडतं ते बाहेरच्या पाण्याच्या संथ थरापाशी. तेलासाठी स्टील चांगलं, तांब्याने तेलाचा रंग बिघडू शकतो. तो पैसा दोन मीटर जास्त पाईपला घाला.

गोव्यात फेणी काढणारे पिढ्यानपिढ्या वाफ जिथे थंड होते त्या मडक्यावर पाणी ओतत बसतात, त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. (आपल्याकडे घरी दारू गाळणं गुन्हा आहे, मी फक्त तेलाबद्दल बोलतेय.)

एप्रिल-मेमध्ये आमची विहीर तळाला जाते, आणि एका घाण्याला, म्हणजे एकदा टाकी भरून तेल काढायला, साडेपाचशे लिटर पाणी लागतं. ते आम्ही पाण्याच्या दोन टाक्यांत फिरवतो, रात्रभर गार होतं, आणि ड्रमच्या वरून निघालेलं गरम पाणी दुसऱ्या घाण्याला थेट गवताच्या टाकीत भरतो, तेवढी फाटी वाचतात. नव्या कॉइलवर त्याच 40 किलोला 160 मिली तेल आलं, आणि वाडीत वास नाही.

संपादकसाहेब, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा टाकीच्या फोटोखाली एवढं तरी द्या: धार तासाला किती लिटर, पाईप किती चौरस मीटर, थंड पाणी किती. आणि टाकी घेणाऱ्या बायांनो, कोटेशनवर हे तीन आकडे लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

आपली,
गवती चहा लावणारी एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी