बटाव्हियाच्या लोकांना दोष देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या मायनर लीग बेसबॉलवरचा (म्हणजे मोठ्या क्लबांसाठी पोरं घडवणाऱ्या खालच्या लीगवरचा) लेख वाचला आणि संताप झाला. ‘प्रेक्षकांनी पाठ फिरवल्याने छोट्या गावांचे संघ संपले’ असं आपण चौकटीत ठळक छापलंत आणि उदाहरण दिलंत न्यू यॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावच्या मकडॉग्ज संघाचं. नोकरीमुळे मी बरीच वर्षं जवळच्या रॉचेस्टरला होतो आणि उन्हाळ्यात संध्याकाळी मकडॉग्जच्या ड्वायर स्टेडियमवर जात असे. त्या लोकांवर असा आळ घेतलेला मला खपत नाही.

जेमतेम पंधरा हजार वस्तीचं हे गाव. १९३९ साली पेनसिल्व्हेनिया, ऑन्टॅरिओ आणि न्यू यॉर्कमधल्या सहा गावांची ‘पोनी’ लीग सुरू झाली, त्या सहांत बटाव्हिया होतं. तेव्हा संघाचं नाव क्लिपर्स, गावातल्या मॅसी-हॅरिस कंपनीच्या कापणी-मळणी यंत्रावरून. (हीच कंपनी पुढे मॅसी फर्ग्युसन झाली. आपल्या शेतकऱ्याला ‘मॅसी’ कोण ते सांगावं लागत नाही.) १९९८ पासून मकडॉग्ज, ते शेजारच्या एल्बा गावातल्या कांद्याच्या काळ्याभोर रानांवरून (‘मक’ म्हणजे तसली काळी दलदलीची माती). मध्ये खंड पडला, नावं बदलली, पण गावाने संघ सोडला नाही. फिलाडेल्फिया फिलीजचे चेस अटली २००० साली आणि रायन हॉवर्ड २००१ साली इथेच खेळून वर गेले. हॉवर्ड २००६ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्या लेखात दोघांचीही नावं नाहीत.

गर्दी कमी असायची, हे मी नाकारत नाही. पण गावाने काय केलं तेही लिहा. जूनमध्ये नवी पोरं यायची, बरीचशी नुकती कॉलेजातून निवडली गेलेली. पगार इतका तुटपुंजा की खोली घेणं परवडत नसे. गावातली कुटुंबंच त्यांना घरात ठेवून घेत. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंकडे असाच एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा पोरगा, राहायचा. हंगाम संपायच्या आधीच त्याला वरून निरोप आला की करार संपला. त्याच रात्री बाईंनी त्याचे कपडे धुऊन दिले, पहाटे त्याला बफेलोच्या विमानतळावर सोडलं आणि तिथून तशाच कामावर आल्या. दिवसभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. पुढच्या जूनला मात्र त्यांनी दुसऱ्या पोरासाठी खोली तयार ठेवली होती. अशा माणसांनी पाठ फिरवली म्हणता?

कुणाला खेळवायचं, कुणाला वर न्यायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे सगळं, संघ ज्याच्याशी जोडलेला असे तो मेजर लीगमधला, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमधला, क्लब ठरवायचा. गावाच्या हातात मैदान, तिकीट आणि जेवणखाण एवढंच. २०२० मध्ये मेजर आणि मायनर लीगमधला जुना करार संपला तेव्हा मेजर लीगने असे जोडलेले संघ १६० वरून १२० वर आणले, आणि न्यू यॉर्क-पेन लीगच, म्हणजे ती जुनी ‘पोनी’, गुंडाळली. त्या वर्षी कोविडमुळे एकही सामना झाला नव्हता, त्यामुळे निरोपाचा सामनासुद्धा गावाला मिळाला नाही. हा निर्णय पैशांचा हिशेब करून दूरच्या कार्यालयात झाला. २०२१ मध्ये मकडॉग्ज त्याच मैदानावर, त्याच नावाने, कॉलेजच्या खेळाडूंना घेऊन उभे राहिले आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त संख्येने आले. संघ आजही खेळतोय, तरी आपण ‘संपले’ छापलंत. खुलासा छापाल ही अपेक्षा.

आता लिहितोच आहे तर आणखी एक. आपल्या जिल्हा आवृत्तीतून तालुक्याच्या कबड्डी स्पर्धांचे निकाल गायब झाले आहेत. पूर्वी दोन ओळी का होईना, यायच्या. गावातली पोरं ती कात्रणं पाकिटात जपून ठेवतात, मी पाहिली आहेत. आयपीएलच्या लिलावाला पान-पान मिळतं. त्यातल्या अर्ध्या स्तंभात ते निकाल पुन्हा सुरू करा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज